ब्रेक उशिरा लागतो

पनवेलजवळच्या कोन गावच्या नाक्यावर आज कुणालाही विचारा, गणू ब्रेकवाला कुठे बसतो, तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग म्हणेल, "का? दुसरी गॅरेजं नाय मिळाली?" मागच्या दसऱ्याआधी असं नव्हतं. तेव्हा हाच माणूस तुमच्या गाडीत बसून तुम्हाला गणूच्या शेडपर्यंत सोडून आला असता, वर तिथे चहा पिऊन गेला असता. आता चहा पिणारे तेच आहेत, फक्त शेड दुसऱ्याची आहे.

गणपत घरत त्याचं नाव. घरतांची भातशेती होती जुन्या हायवेला लागून. ती गेली, तिथे टॉवर आले. भावांनी पांढरे कपडे शिवले, गळ्यात साखळ्या घातल्या आणि बिल्डरच्या ऑफिसात पाय पसरून बसायला लागले. गणूने आपल्या वाटच्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकली आणि ब्रेकचं काम धरलं. नुसतं ब्रेकचं. क्लचचं कुणी काही बोललं तर हात करायचा, "पुढे जा." पोरवयात न्हावा शेव्याच्या ट्रेलरवर क्लीनर होता, तेव्हा घाटात त्याने जे बघितलं होतं त्यावर तो कधी बोलला नाही, पण धंदा मात्र त्यातूनच निवडला. भाऊ हसायचे. म्हणायचे, शेठ व्हायचं सोडून गाडीखाली झोपतंय येडं. हसेनात का! गणूला त्याचं काही नव्हतं.

त्याचा नियम एकच, ब्रेकच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही. नवीन लायनर टाका म्हणून गिऱ्हाईक मागे लागलं तरी चाक खोलून दाखवायचा, "हे बघा, अजून वर्षभर काय होत नाय. घरी जावा." आणि उलटही. एखादा ट्रेलरवाला घाईत असला, आज जाऊ दे, परत येताना करू म्हणाला, तर गणू त्याच्या चाकासमोर बाजलं टाकून बसायचा. शिव्या खायचा, उठायचा नाही. शेवटी ड्रायव्हर खाली उतरायचा. गणू थांब म्हणाला की गाडी थांबली, एवढी त्याच्या शब्दाची पत होती या रस्त्यावर.

आणि परीक्षा करायची त्याची रीतही ठरलेली. बॉनेट उघडायचं नाही, चाकाला हात लावायचा नाही. आधी सीटवर बसायचं. इंजिन बंद ठेवून पेडल दाबत राहायचं, दगडासारखं होईपर्यंत. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू. पेडल थोडं खाली बसलं तर पायाला हवेची मदत नीट मिळते आहे. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं तर कुठेतरी ऑइल गळतंय. पेडल मऊ लागलं आणि दोनचारदा दाबल्यावर वर आलं तर पाइपात हवा शिरली आहे. मग गाडी रस्त्यावर काढायची, एका बाजूला ओढते का बघायचं, परत आल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन कुठलं तापलंय ते बघायचं. एवढं झाल्याशिवाय पान्याला हात नाही.

अशा या माणसाकडे उन्हाळ्याच्या अखेरीला चारुदत्त उपासनी आपली कॅम्पर व्हॅन घेऊन आले.

उपासनीकाका सुकापूरच्या मोठ्या सोसायटीत राहणारे, कंपनीतून रिटायर होऊनही बरीच वर्षं झालेली. जुनी सतरा सीटांची व्हॅन घेऊन तिचं त्यांनी घर केलं होतं. दोन बाकं, ती उघडली की बिछाने. शेगडी, बेसिन, मागे पाण्याची टाकी. खिडक्यांना सुनीताकाकूंनी स्वतः शिवलेले निळे पडदे. संबंध संसारात या बाईने अंथरुणाला खिळलेली सासू, मग सासरे, मग नणंद यांचं केलं, कुठे म्हणून गेली नाही. रिटायर झालो की जाऊ, असं काका म्हणत आले आणि रिटायर झाल्यावरही म्हणतच राहिले. आता एकदाची गाडी तयार होती. पोलादपूरवरून महाबळेश्वर, मग पसरणीचा घाट उतरून वाई, मग साताऱ्याला काकूंच्या बहिणीकडे. बेत पक्का होता.

"गणू, बाकी सगळं झकास आहे रे," काका म्हणाले, "पण ब्रेक उशिरा लागतो."

गणू सीटवर बसला. पेडल किंचित मऊ होतं. पाइपात हवा निघाली. ती काढली, ड्रमचं अंतर जुळवलं, मागे एवढं वजन आहे तर पाण्याची टाकी भरून नेऊ नका, वाटेत भरा, असं सांगितलं. काका खूश होऊन गेले. चार दिवसांनी परत. ब्रेक उशिराच लागतो. गणूने पुन्हा सगळं बघितलं. हवेचा पाइप, मास्टर सिलिंडर, पुढचे पॅड, मागचे लायनर. कुठे काही नाही. त्याला स्वतःचाच राग आला. असं कधी होत नसे. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमी चालवा. मी शेजारी बसतो."

काकू मागे बाकावर बसल्या. सोबत डब्यात कोथिंबिरीच्या वड्या, गणूसाठी. गाडी पळस्प्याच्या दिशेने निघाली आणि एका वळणावर रिक्षा आडवी आली. गणूचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे पेडल नाहीच तिथे, नुसत्या मॅटवर. पाय दाबून झाला, आणि मग, जरा वेळाने, गाडीचा ब्रेक लागला. रिक्षावाला शिवी देऊन निघून गेला. गणूने खाली बघितलं. काकांचा पाय अजून चाचपडत होता, पेडलच्या कडेला घासून मधोमध येत होता.

ब्रेक उशिरा लागत नव्हता. पाय उशिरा पोचत होता.

हे तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर गणूने सांगितलंही असतं, ट्रेलरवाल्यांना तो याहून वाईट बोलतो. पण मागून काकू म्हणाल्या, "गणू, ही गाडी तेवढी नीट करून दे हो. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलंय, कुठे जायचं म्हणून." आणि वडीचा डबा पुढे केला. गणूच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. मेली भीड! माणसाला कुठे कुठे नेऊन आपटते, बघा.

त्याने काय केलं, तर काकांच्या मुलाला फोन लावला. देवेश खारघरला राहतो, मोठ्या पगाराची नोकरी, बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेडवर आला, खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकून बसला.

"मला माहीत आहे गणूदादा," तो म्हणाला. "सोसायटीच्या गेटचा खांब त्यांनी घासलाय दोनदा. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन नको म्हणतात. पण बाबांना तोंडावर कोण सांगणार? तुम्ही चालवू नका म्हटलं की त्यांचं सगळंच संपलं. जेवणारसुद्धा नाहीत."

"मग?"

"तुमचं ऐकतात ते. ब्रेकचं काम निघालंय म्हणून सांगा. पार्ट मिळत नाही म्हणा. गणपती होईपर्यंत ढकला, तोवर मी ऑपरेशनचं गळी उतरवतो."

"ब्रेकच्या बाबतीत मी खोटं बोलत नाय."

"खोटं कसलं, दादा? गाडी थांबवायलाच सांगतोय ना? आईपण असणार आहे त्या गाडीत."

इथे गणू फसला. गाडी थांबवणं हेच त्याचं काम, आणि ही गाडी थांबायलाच हवी होती. देवेशने बरोबर तिथेच बोट ठेवलं. हौसा, गणूची बायको, आतून चहा घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं. देवेश गेल्यावर म्हणाली, "बापाला सांगायची याला लाज वाटते, आणि खोटं बोलायला तू! त्याच्या घरचं दुखणं तू कशाला अंगावर घेतलंस?" गणू चहाचे कप विसळायला उठला. हौसाचं बरोबर असलं की तो काहीतरी काम काढतो.

मग सुरू झालं ते खोटं. मास्टर सिलिंडरचं किट पाहिजे. किट आलं, पण साइज चुकली. आता ड्रम घासायला पाठवलेत. काका रिक्षाने यायचे, कधी काकूंना घेऊन, ताडपत्रीखाली झाकलेल्या गाडीला हात लावून बघायचे. "बघ बाबा, घाई नाही," म्हणायचे, आणि आवाजात सगळी घाई असायची. काकू पडदा सरकवून आत बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "बुरशीचा वास येतोय रे गणू," आणि गणूला तिथून पळून जावंसं वाटलं. गणपती आले, गेले. देवेशला फोन केला की, "बोलतोय दादा, बोलतोय, जरा मूड बघून." तो मूड काही येईना.

सगळा पावसाळा गाडी उभी. हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली चिखल. गाडी उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी पळवा, नाहीतर आतून गंजते, हे गणू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आणि या एका गाडीला त्याने किल्ली लावली नाही. ती ताडपत्री दिसली की तो मान वळवायचा. शेण खाल्लं होतं, त्याचा वास नाकातून जात नव्हता. त्या दिवसांत दुसऱ्या गाड्यांच्या पेडलवर पाय ठेवतानाही त्याला आपण चोर आहोत असं वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गणू झेंडू आणायला पनवेलच्या बाजारात गेला होता. तेवढ्यात काका आले, सोबत कळंबोलीचा शिवा मेकॅनिक. काकांना संशय आला होता. का येऊ नये? म्हातारा होता, बावळट नव्हता. किल्ली कुठे टांगलेली असते ते त्यांना ठाऊक. हौसा अडवणार कशी, गाडी त्यांची! शिवाने बॅटरी जोडली, ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली, पेडल दणादण दाबलं आणि गाडी नाक्यापर्यंत नेऊन आणली. कचकन थांबवली. "काका, ब्रेक एकदम चकाचक. कुठला पार्ट पाहिजे होता म्हणे?"

हौसाने हे गणूला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातली झेंडूची पिशवी खाली पडली. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजवाले हत्यार उचलत नाहीत. पाने, पकडी, जॅक, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, नारळ फोडायचा. वर्षभर ज्यांच्या जिवावर खातो त्यांना त्या दिवशी विसावा. गणूने इतक्या वर्षांत हे कधी मोडलं नव्हतं. पूजा नुकतीच झाली होती आणि दारात रिक्षा थांबली.

काका आत आले. रोज अरेतुरे करणारे काका.

"गणपतराव, किल्ली द्या."

 गणूला शिवी चालली असती.

"काका, एक दिवस थांबा. गाडी पावसाळाभर उभी हाय. उद्या सकाळी चारी चाकं उघडून बघतो, मग न्या. आज हत्यार नाय उचलत आमी."

"उद्या!" काका हसले, आणि ते हसू बघवत नव्हतं. "गणपतराव, जूनपासून तुमचा उद्या ऐकतोय मी. कशासाठी केलंत हो हे? मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

आता तरी बोलायचं ना! देवेशचं नाव घ्यायचं, मोकळं व्हायचं. पण बापलेकांत आपण काडी कशाला लावायची, तेही सणाच्या दिवशी, असं म्हणून हा पठ्ठ्या पुन्हा मूग गिळून बसला. आणि एकच उद्या खरा होता त्याचा, नेमका तोच वाया गेला. काकांनी ताडपत्री ओढून टाकली, गाडी चालू केली आणि फाटकातून बाहेर काढली. हौसाने आपट्याची पानं आणून ठेवली होती काकाकाकूंना सोनं द्यायला. ती तशीच तिच्या हातात राहिली.

गाडी उभी असायची तिथे चिखल वाळून टणक झाला होता. गणू ताडपत्रीची घडी घालायला वाकला तर मागच्या डाव्या चाकाच्या जागी एक ओला डाग. त्याने बोट लावलं. बुळबुळीत. नाकाशी नेलं. ब्रेक ऑइल.

काय झालंय ते त्याला न उघडता दिसलं. उभ्या गाडीत चाकातला छोटा सिलिंडर आतून गंजला. काल शिवाने पेडल दणादण दाबलं, आतलं रबर त्या गंजावरून घासत गेलं आणि फाटलं. डबी भरलेली आहे म्हणून पेडल अजून कडक लागत असेल. थोडं थोडं जात राहणार. आणि पसरणीच्या उतारावर, मागे टाकीचं ओझं, पाय दाबला की पेडल सरळ जमिनीला टेकणार.

त्याने काकांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला, बंद. देवेशला लावला. मागे सोसायटीतली गाणी ऐकू येत होती.

"दादा, आता ते राहू दे," देवेश हळूच म्हणाला. "आईने काल रात्री माझी चांगलीच हजेरी घेतली, एवढ्या लांब बाबांना एकट्याला चालवायला लावतोस का म्हणून. मीच चालवणार आहे, बाबा शेजारी बसतील. ठरलंय सगळं. आता नाटक नको."

"देवेशभाऊ, नाटक नाय हे. खरंच गळतंय. मागचं डावं."

"थँक्यू हं दादा. खूप केलंत तुम्ही." आणि ठेवला.

मुलगा चालवेल, बाप शेजारी बसेल. एवढंच होतं! काकूंनी एका रात्रीत सोडवलं. आणि ह्याच्यासाठी तीन शहाण्या पुरुषांनी मिळून संबंध पावसाळा एक चांगली गाडी सडवली.

गणू शेडमध्ये गेला. पाटासमोर उभा राहिला. हौसा म्हणाली, "आज नको रे." त्याने झेंडूची माळ बाजूला केली आणि कापायची पकड उचलली. हळदीची बोटं तिच्यावर तशीच होती. मोटारसायकलला किक मारली.

सुकापूरला सोसायटीच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडू. कॅम्पर व्हॅन सगळ्यांत पुढे, गेटकडे तोंड करून. धुऊन लख्ख केलेली, निळे पडदेही नवीन. चाकांखाली लिंबं ठेवलेली, समोर नारळ फुटलेला, शेजारीपाजारी टाळ्या वाजवायला जमलेले. देवेश स्टिअरिंगवर, काका त्याच्या शेजारी, काकू मागच्या खिडकीत. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या आणि लहान पोरीसारख्या हसत होत्या. गणूने मोटारसायकल थेट समोर आडवी घातली.

"गाडी काढू नका. मागच्या डाव्या चाकातून ऑइल जातंय."

काका खाली उतरले. चेहरा लाल झाला होता.

"अजून पोट भरलं नाही तुमचं?"

"काका, हात जोडतो. चाकाची आतली बाजू बघा. ओली हाय."

"आत्ता धुतली आहे गाडी. चारी चाकं ओली आहेत!" त्यांनी दार उघडून देवेशला पेडल दाबायला लावलं. "कसं लागतंय?"

"कडक आहे बाबा."

"ऑइलची डबी?" काकांनी विचारलं.

"काल शिवाने भरली ना, आहे तेवढीच असेल."

"आता कडक लागेल, घाटात नाय लागणार!" गणू ओरडला. लोक जवळ सरकले.

"मग इतके महिने काय दुरुस्त करत होतात तुम्ही?"

"तेव्हा गाडीला काय झालंच नव्हतं! तुमचा पाय उशिरा पडतो काका, ब्रेक नाय. देवेशभाऊ, आता तरी सांगा. तुमीच बोलला होता ना मला, गाडी ठेवून घ्या म्हणून?"

जे उन्हाळ्यात बंद गाडीत चार शब्दांत सांगायचं होतं, ते सगळ्या सोसायटीसमोर सणाच्या दिवशी असं फेकलं गेलं. काकांनी आधी आपल्या पायाकडे बघितलं, मग मुलाकडे. बाप बघतोय म्हटल्यावर देवेशने स्टिअरिंगवर नजर खिळवली.

"काहीतरीच काय, दादा," तो म्हणाला. "सणाच्या दिवशी तमाशा नको. बाजूला व्हा."

एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द देवेशला सुचला नाही. गणूने काकूंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या की हा माणूस आपल्या वड्या खात होता हे त्यांना खरं वाटत नसावं. त्यांनी काच वर केली.

वॉचमनने मोटारसायकल बाजूला ढकलली. देवेशने गाडी गिअरमध्ये टाकली. गणू पूर्वी चाकासमोर बसायचा तेव्हा लोक थांबायचे, कारण त्याच्या शब्दाला वजन होतं. आज बसला असता तर चौघांनी उचलून बाजूला ठेवला असता. त्याने एक क्षण वाट बघितली, काय जाणे कशाची. मग आडवा झाला, पुढच्या चाकामागे हात घातला आणि ब्रेकचा रबरी पाइप पकडीने कचकन कापला. दुसऱ्या बाजूचाही कापला.

ऑइल भसाभसा सांडलं. लिंबांवर, रांगोळीवर, गणूच्या शर्टावर. देवेशने घाबरून पेडल दाबलं आणि ते जमिनीला टेकलं. इंजिन बंद झालं. लिंबं चिरडायची राहिली ती राहिलीच.

मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी गणूची कॉलर धरून त्याला ओढून काढलं, कुणी थोबाडीत दिली, कुणी मोबाइलवर सगळं टिपलं. "बघा, ब्रेक कापतोय हा माणूस! सणाच्या दिवशी! आत माणसं बसलेली असताना!" पोलिसांना बोलवा म्हणाले. काकांनीच नको म्हटलं.  "जा तू इथून," एवढंच ते म्हणाले. तू म्हणाले. गणूला त्यातही बरं वाटलं, इतका तो खाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून शिवाकडे नेली. गणूने शिवाला फोन केला, राग विसरून, "बाबा, मागचं डावं चाक उघड." शिवाने उघडलं. सिलिंडर गंजलेला, रबर फाटलेलं, आत सगळं ऑइल. त्याने नवीन टाकलं, काम चोख केलं. आणि काकांना सांगितलं, "पुढचे पाइप तर तुमच्यासमोर कापले. मागचंही त्याने आधीच फोडून ठेवलं होतं, म्हणून तर त्याला बरोबर माहीत होतं कुठलं चाक ते."

बोला आता! गणूने हे ऐकलं तेव्हा तो हसला. हौसा म्हणते, ते हसू ऐकून तिला भीती वाटली.

उपासनी मंडळी गेली फिरायला, दिवाळीनंतर. महाबळेश्वर झालं, पसरणीचा घाट उतरून वाईही झाली, साताऱ्याला बहीण भेटली. देवेशने चालवली. घाटातल्या वळणावर काढलेला काकूंचा फोटो नाक्यावरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर आला, त्याने मुद्दाम गणूला दाखवला. काकू निळ्या पडद्यातून हात हलवत होत्या. गणूने फोटो मोठा करून बघितला. काकू नाही, मागचं चाक. कोरडं होतं. मोबाइल परत दिला आणि तोंड धुवायला गेला.

ज्याने टिपलं होतं त्याने ते सगळीकडे पाठवलं होतं. पनवेलपासून न्हावा शेव्यापर्यंत ज्याच्या त्याच्या हातात गणू गाडीखाली झोपून पाइप कापताना. भाऊ म्हणाले, घराण्याचं नाव घालवलं. घराण्याचं म्हणे!

परवाची गोष्ट. एक ट्रेलर शेडसमोर टायरची हवा बघायला थांबला. ड्रायव्हर नवीन पोरगा नव्हता, जुना माणूस, गणूच्या हातून पूर्वी कितीदा काम करून घेतलेला. गाडी थांबतानाच गणूला मागून तो आवाज ऐकू आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. तो बाजलं घेऊन धावत बाहेर आला आणि चाकासमोर टाकून बसला.

"लायनर संपलंय. मागचं. घाटात जाऊ नको, उघडून बघू दे."

ड्रायव्हर खाली उतरला नाही. खिडकीतून खाली वाकून हसला. "नको गणूशेठ. तू हात नको लावूस गाडीला." आणि ट्रेलर मागे घेतला, बाजल्याला वळसा घातला आणि पुढे काढला.

गणू बाजल्यावरून उठला आणि धावत रस्त्यावर गेला. "अरे थांब! संपलंय ते! थांब!" असा तो कितीतरी वेळ ओरडत होता. ट्रेलर एक्सप्रेसवेच्या चढाला लागला. हौसा दारात येऊन उभी राहिली, तिने त्याला आत बोलावलं नाही, कारण तिलाही तो लोखंड घासल्याचा आवाज ऐकू येत होता.